समोर काढलेलं दूध

चंद्रीचं रेडकू उन्हाळ्याच्या तोंडाला मेलं. त्या वेळी गंगूच्या बगलेतली नळी अजून काढलेली नव्हती. डावा स्तन काढून दवाखान्यानं तिला नुकतंच घरी पाठवलं होतं. नळीच्या टोकाला प्लास्टिकची छोटी पिशवी होती आणि तिच्यात पातळ, लालसर पाणी साचत असे. ती पिशवी कमरेला खोचून गंगू गवताच्या खोलीत पडून होती.

बाहेर तिची धाकटी जाऊ भामा चंद्रीखाली बसली होती. बादली लवंडल्याचा आवाज आला, मग भामाची शिवी.

"पान्हा सोडंना झालीय, आत्याबाई. कास दगड झालीय नुसती. हात लावला की लाथ."

सावित्रीबाई खोलीच्या दारात आली. सासू असली तरी अंगानं गंगूपेक्षा ताठ होती.

"गंगे, ऊठ."

"टाके ओले हायत, आत्याबाई."

"टाके तुझ्या अंगाला हायत. चंद्रीला त्याचं काय? कास फुटली तर जनावर जाईल."

गंगू भिंतीला धरून उठली. चंद्रीजवळ जाऊन तिनं आधी तिला मानेखाली खाजवलं, मग खाली बसून उजव्या हातानं सडांवर पाणी मारलं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण सडापर्यंत पोचत होता. चंद्रीनं मागचे पाय जरा फाकवले. कासेत दूध उतरताना हाताला कळतं, कातडी आतून गरम होते. तशी ती झाली. दोन्ही गुडघ्यांत बादली, कमरेला रक्ताच्या पाण्याची पिशवी, अशी गंगू ती म्हैस मोकळी होईपर्यंत बसली. उठली तेव्हा पिशवी भरली होती. ती भामानं ओतली, नाक दाबून.

मुशी नदीच्या काठाला, अंबरपेठच्या पुढं, गंगूच्या नवऱ्याचा, हिम्मतरावांचा गोठा होता. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात देगलूरकडून म्हशी हाकत आले आणि इथेच राहिले. शहराचं सांडपाणी नदीत येई आणि त्यावर काठानं उन्हाळ्यातसुद्धा हिरवंगार गवत वाढे. ते कापायचं, म्हशींना घालायचं, दूध काचीगुडा आणि कोठीच्या मराठी घरांत द्यायचं. घरपोच दुधापेक्षा मान होता तो समोर काढलेल्या दुधाला. काही जुनी गिऱ्हाइकं स्वतःचं भांडं घेऊन गोठ्यावर येत, म्हशीजवळ उभी राहत आणि धार भांड्यात पडताना बघत. अशी गिऱ्हाइकं थोडीच होती, पण बाकीची त्यांच्या शब्दावर चालत.

नळी निघाली त्या दिवशी सावित्रीबाईनं हिम्मतरावांसमोरच गंगूला सांगितलं.

"गिऱ्हाइकाला हा रोग कळता कामा नये. अन् चंद्रीची धार तूच काढायची. एवढं झालं की घरात राहा, तुझा दवाखाना चालू दे. नाही झालं तर भावाकडं जा देगलूरला. तिथं कुठला शेक मिळतो ते बघ."

हिम्मतराव दोर वळत होते. ते म्हणाले, "आई काय चुकीचं बोलायली का?"

गंगू म्हणाली, "नाही."

शेक म्हणजे किरणांचा उपचार. इंजेक्शनं आधीच झाली होती, केस गेले होते, भुवयाही. आता राहिलेल्या छातीवर रोज मशीनखाली झोपायचं होतं. मशीनवरच्या माणसानं बजावलं होतं, "एकदा सुरू झालं की खाडा करायचा नाही, अम्मा. केलात तर पहिलं दिलेलं वाया जाईल." गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, गंगू गुडघ्याच्या शेकाला जाते.

दर शुक्रवारी शेक झाल्यावर बायकांना एका खोलीत बसवत. खुर्च्या गोल मांडलेल्या असत. सत्यवती मॅडम नावाची तरुण मुलगी मध्ये न बसता त्यांच्यातच एका खुर्चीवर बसे. घरी बोलता येत नाही ते इथं बोलायचं, इथलं बाहेर जाणार नाही, असं ती दर वेळी सांगे.

कुलसुम बी याकूतपुऱ्याची होती. बुरखा मागे टाकून ती टकलावरून हात फिरवत बसायची. "मेरे मियाँ बोलते, अब तू आधी औरत है, तो आधा खाना खा. मैं बोली, ठीक है, फिर आधाच पकाती. कच्चा वाला आधा तुम्हारा."

बायका हसल्या. हसताना टाके ओढले जातात म्हणून प्रत्येकीनं काखेवर हात दाबला.

यादम्मा भाजी विकायची. "मेरी बहू मेरा गिलास अलग रख दी," ती म्हणाली.

"ये रोग ऐसे नहीं फैलता, यादम्मा," सत्यवती म्हणाली.

"मेरेकु मालूम. बहू को बोलो."

सत्यवतीनं गंगूकडे पाहिलं. "गंगूबाई, घर में सब कैसे हैं?"

"अच्छे हैं."

"सब के अच्छेच हैं," कुलसुम बी म्हणाली. "इसीच वास्ते तो इधर आ को बैठे."

गंगू पदराआड हसली. त्या खोलीत ती फार बोलत नसे, पण शुक्रवारची वाट बघे. तिथे कुणी तिला ऊठ म्हणत नव्हतं.

एका शुक्रवारी सत्यवतीनं सुई, दोरा आणि मऊ कापड आणलं. रबराचा स्तन महाग पडतो, शिवाय उन्हात घाम येतो. त्यापेक्षा कापडाची पिशवी शिवून तिच्यात राई किंवा बाजरी भरायची, असं तिनं दाखवलं. वजन दुसऱ्या बाजूइतकं हवं, नाहीतर खांदा एकीकडे झुकतो आणि पाठ धरते. दाणे रोज उन्हात घालायचे. बायका आपापल्या मापाची पिशवी शिवू लागल्या. यादम्माची तोंडल्याच्या पाटीएवढी झाली. कुलसुम बी म्हणाली, "इत्ती बडी? जवानी में थी क्या इत्ती?"

"नहीं थी," यादम्मा म्हणाली. "अब मौका मिला."

गंगूनं पिशवी घरी नेली, पण घरातलं धान्य कुलपात होतं आणि किल्ली सावित्रीबाईच्या कमरेला. बाजरी मागायची तर कशाला ते सांगावं लागलं असतं. गोठ्यात सरकीचं पोतं मात्र उघडंच असे. सरकीला कापसाची लव होती. शेकानं भाजून काळ्या पडलेल्या कातडीला ती बाजरीपेक्षा मऊ लागेल, असं गंगूला वाटलं. तिनं ती पिशवीत भरली, वजन हातात तोलून पाहिलं, तोंड शिवलं आणि चोळीच्या आत ठेवली. दुपारी अंगणात तिची सावली दोन्ही बाजूंनी सारखी पडली. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

मे महिन्यात गवतही करपलं. शहरात सगळीकडे वेगळ्या राज्याचे झेंडे लागले होते, चौकाचौकात ढोल वाजत होते. विमलाबाई सकाळी रिक्षानं आल्या. काचीगुड्याच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नातवाच्या दुधासाठी स्वतः यायच्या. भांडं घरून घासून, फडक्यात गुंडाळून आणत.

"राज्य फुटायलंय म्हणे," त्या सावित्रीबाईला म्हणाल्या. "आमचं दूध फुटलं नाही म्हणजे झालं."

"फुटतंय कसं? तुमच्यासमोर काढतोत."

गंगूनं त्यांचं भांडं गुडघ्यात धरलं आणि धार सुरू केली. धार काढताना चंद्रीपुढं भिजवलेली सरकी असे. ती खात असेपर्यंत म्हैस दूध देते, हे गोठ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी भामानं कमी भिजवली होती. घमेलं चाटून पुसून झालं आणि चंद्रीनं दूध वर ओढलं. भांडं अर्धंच भरलेलं.

गंगू उठून म्हशीच्या तोंडाशी गेली आणि मानेखाली खाजवू लागली. घामानं तिची चोळी भिजली होती. आतली सरकीही भिजली होती, सकाळपासून, घमेल्यातल्या सरकीसारखीच. चंद्रीनं नाक पुढं केलं. एकदा हुंगलं. मग तिनं आपलं ओलं, जड तोंड गंगूच्या छातीत घातलं आणि जिभेनं चोळीचा काठ ओढला.

"हट," गंगू म्हणाली. "हट गं बाई."

तिचा डावा हात वर जाईना. चंद्रीनं कापड दातात धरून हिसका दिला. हूक तुटले, पिशवी बाहेर आली, फाटली आणि सरकी शेणात सांडली. चंद्रीनं ती निवांत चाटून घेतली. मग कापडही चावायला सुरुवात केली.

भामाला हसू आवरलं नाही. तोंडात पदर कोंबून ती खाली बसली.

गंगूनं पदर ओढला, पण ओढेपर्यंत विमलाबाईंनी पाहिलं होतं. एका बाजूला सपाट, काळी कातडी आणि तिच्यावरून आडवी गेलेली टाक्यांची रेघ. त्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. पदर सरकला होता. मग त्यांनी भांड्यातल्या दुधाकडे पाहिलं.

"गुडघ्याचा शेक म्हणालात," त्या सावित्रीबाईला म्हणाल्या.

विमलाबाई गोठ्याच्या कडेला गेल्या, दूध मातीत ओतलं, नळाखाली भांडं तीनदा विसळलं आणि रिक्षात बसल्या.

दोन-तीन दिवसांत काचीगुड्याची गिऱ्हाइकं तुटली. हिम्मतराव भरलेले कॅन परत घेऊन येत आणि दूध बेगम बाजारच्या हलवायाला खव्यासाठी पडेल त्या भावानं देत. त्यांनी गंगूला मारलं नाही. जेवताना ते म्हणाले, "तुझ्या जागी म्हैस असती तर विकता तरी आली असती."

सावित्रीबाईनं आधी गिऱ्हाइकांना सांगितलं की गंगूला गावाला पाठवलं. पण कुणीतरी तिला दवाखान्याच्या बसमध्ये पाहिलं होतं. ती बातमी विमलाबाईंच्या शेजारणीनं गोठ्यावर आणली. "गावाला गेली म्हणता, मग परवा बसमध्ये कोण होती?"

सावित्रीबाई घमेलं घासत होती. वर न बघता ती म्हणाली, "ती शेवटची दिसली तुम्हाला. काल वारली."

हिम्मतराव खुंट्याजवळ उभे होते. शेजारणीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

गवताच्या खोलीत गंगू विळा घेऊन बसली होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून आले. गंगूच्या डोक्यावर नुकती लव फुटत होती. दोघं जेवायला समोरासमोर बसले तेव्हा भामा म्हणाली, "आता जोडा शोभायलाय."

"माझा शेक?" गंगूनं विचारलं.

"कोणत्या रस्त्यानं जाशील?" हिम्मतराव म्हणाले. "सगळी कोठी ओळखते तुला."

"अर्धाच झालाय. खाडा चालत नाही म्हणालेत."

"जरा दम धर. लोक विसरले की जा."

ती दम धरून राहिली. दिवसा गवताच्या खोलीत, बाहेरून कडी. उजाडायच्या आधी चंद्रीची धार काढून द्यायची. गिऱ्हाइकं हळूहळू परत येऊ लागली. विमलाबाईही आल्या. "सगळं धुऊन घेतलंत ना?" एवढंच त्यांनी विचारलं. पण त्यांना दूध समोर काढलेलं हवं होतं, आणि समोर भामा बसली की चंद्री दूध चढवून धरायची. गंगूचा डावा हात सुजू लागला. आत आणून टाकलेलं गवत रोज कापायचं, भारे ओढायचे. तिला दवाखान्यात सांगितलं होतं की या हाताला जखम नको, ओझं नको. पातीनं बोटं कापली होती. मनगटापासून वर कातडी ताणून चकचकीत दिसायला लागली, बोट दाबलं की खळगा राही.

नवं राज्य झालं, फटाके वाजले. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गोठ्यापुढं रिक्षा थांबली. तिच्यातून सत्यवती उतरली, मागून यादम्मा आणि कुलसुम बी.

धारेची वेळ होती. विमलाबाई आणि आणखी दोघी भांडी घेऊन उभ्या होत्या. चंद्रीखाली भामा घामाघूम झाली होती. बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"गंगूबाई का घर यहीच है?" सत्यवतीनं विचारलं. "मशीन पे आना बंद कर दिए. शुक्रवार को भी नहीं आए."

सावित्रीबाईनं एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि एकदा त्या तिघींकडे. तिनं पदर डोळ्याला लावला.

"गुजर गई, मा. मेरीच मांडी पे सिर रख को गई. मेरेकु बोली, आत्याबाई, तुम बहुत किए मेरे वास्ते."

यादम्मा म्हणाली, "झूट. अच्छी थी उनो."

"बुखार आया. एक रात में."

सत्यवती काही हिशेब जुळवत असल्यासारखी उभी राहिली. कुलसुम बी मात्र तिथेच, शेणकुटाच्या ढिगाशी, खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. कपाळावर हात मारून, बुरख्याची पर्वा न करता. "हँसती भी नहीं थी पूरी," ती म्हणत होती. "पल्लू में मुँह छुपा को हँसती थी. अल्ला, अच्छी औरत थी. अच्छी औरत थी रे."

खोलीच्या बांबूच्या तट्ट्याच्या फटीतून गंगू बघत होती. आई गेल्यापासून तिच्यासाठी कुणी रडलेलं तिनं पाहिलं नव्हतं. चंद्री हंबरत होती, तोंड गवताच्या खोलीकडे करून. कास इतकी ताणली होती की सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. त्या संध्याकाळी घाईत भामा कडी लावायला विसरली होती.

गंगू बाहेर आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. ती कुणाकडे न बघता चंद्रीजवळ गेली, भामाच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलं, मानेखाली खाजवलं आणि बसली. पहिली धार रिकाम्या बादलीवर वाजली.

कुलसुम बीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. यादम्माच्या तोंडून "अय्यो" एवढंच निघालं. हिम्मतराव दोन पावलं पुढं आले आणि थांबले.

सगळ्यांत आधी सावित्रीबाई सावरली.

"ही तिची धाकटी बहीण," ती विमलाबाईंना म्हणाली. "गावाहून आणली. घर कुणी बघायचं, सांगा? महिना झाला की हिम्मतरावासंगं लावून टाकतोत."

त्यांच्याकडं अशी रीत होतीच. मेलीच्या जागी तिची बहीण द्यायची, म्हणजे सोयरीक तुटत नाही.

विमलाबाई पुढं आल्या आणि वाकून पदराखाली बघितलं. पंधरा वर्षं त्या या गोठ्यावर येत होत्या. पंधरा वर्षं गंगूच त्यांचं भांडं भरून देत होती. भुवया नव्हत्या, गाल सुजले होते, रंग काळवंडला होता, पण डोळे तेच होते आणि ते त्यांच्याकडे बघत होते. विमलाबाईंनी ओळखलं. ओळखलं हे गंगूलाही कळलं.

विमलाबाईंनी बादलीकडे पाहिलं. फेस वर चढत होता.

"नाव काय गं तुझं?" त्यांनी विचारलं.

सत्यवती काही बोलायला गेली. कुलसुम बीनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. जे बोलायचं ते गंगूनंच बोलायचं होतं. गंगू म्हटलं की आज रात्री देगलूरची गाडी होती. देगलूरला शेक नव्हता. दुसरं नाव सांगितलं की घर होतं, पण धडधाकट बाईला शेकाला कोण पाठवणार?

धार चालूच होती.

"सखू," गंगू म्हणाली.

ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात हिम्मतरावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं गंगू लिहिलं, त्यानंतर ते कुणी घेतलं नव्हतं.

"तुला नाही ना तसलं काही?"

"नाही, बाई."

विमलाबाईंनी आपलं भांडं पुढं केलं. मग दुसऱ्या बाईनं केलं, मग तिसरीनं.

सत्यवती जवळ आली. "कल आते क्या?" तिनं हळूच विचारलं. "मशीन पे नाम रखी हूँ अभी."

"किसका?" गंगूनं विचारलं.

सत्यवती रिक्षाकडे वळली. यादम्मानं कुलसुम बीला हाताला धरून उठवलं. कुलसुम बी रिक्षात बसेपर्यंत मागे बघत होती, पण रडत नव्हती. रिक्षा काठाच्या रस्त्यानं गेली.

गंगूचा डावा हात कोपरापर्यंत भरला होता, बांगडी मांसात रुतली होती. तिनं सड उजव्या मुठीत घेतला. विमलाबाई भांड्यावर वाकून बघत होत्या.

"फेस काय छान येतोय," त्या खूश होऊन म्हणाल्या. "गंगूच्या हाताला एवढा येत नव्हता."

"तिला रोग होता ना, बाई," गंगू म्हणाली, आणि त्यांचं भांडं भरून दिलं.